रेडिओवाल्यांचा जुना बाजार

मुलांनो, तुमच्या गावचा आठवडी बाजार तुम्ही पाहिलेलाच असणार. पण जुना बाजार पाहिलाय का कधी? पुण्यात बुधवारी आणि रविवारी असा बाजार भरतो. जमिनीवर गोणपाट पसरलेलं असतं आणि त्यावर काय वाट्टेल ते मांडलेलं! पाने, पकडी, किल्ली हरवलेली कुलुपं, पितळी नळ, काटे नसलेली घड्याळं. ‘केवढ्याला?’ ‘दोनशे.’ ‘शंभरला द्या की!’ अशी घासाघीस चाललेली असते. एखादे आजोबा त्या ढिगातून एवढंसं दातेरी चाक उचलतात, डोळ्यांजवळ धरतात आणि गालातल्या गालात हसतात. त्यांना हवं ते मिळालेलं असतं!

आता असाच एक बाजार डोळ्यांपुढे आणा. पण त्यात मिळतात फक्त रेडिओ आणि रेडिओचे भाग. गोणपाटाच्या जागी मोटारींच्या रांगाच रांगा. प्रत्येक मोटारीची डिकी उघडी, तिच्यापुढे एक घडीचं टेबल, आणि टेबलावर तारा, बटणं, काचेचे व्हॉल्व्ह, इअरफोन, मीटर. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात असा बाजार भरतो. तो पहिल्यांदा भरला १९५२ मध्ये. बाजार अजून भरतो, पण त्याचा स्वभाव पार बदललाय. तो कसा बदलला आणि त्यातून आपण काय घ्यायचं, ते आज सांगते.

पण त्याआधी मला हे सगळं कुठून कळलं, ती गोष्ट ऐका.

आजोबांचा रेडिओ

गेल्या पावसाळ्यात आम्ही वर्गात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं. कुणी कंदील आणला, कुणी अडकित्ता, कुणी चार आण्याचं नाणं. चौथीतल्या एका मुलीनं मात्र वडिलांच्या मदतीनं चक्क एक लाकडी पेटी आणली. पुढे कापडी जाळी, खाली दोन मोठी बटणं. तिच्या आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ!

‘बाई, आजोबा गेल्यापासून हा बंदच आहे,’ ती म्हणाली. ‘लावला की नुसतं घूंऽऽ करतो. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला द्यायचं म्हणताहेत. तुम्ही दुरुस्त कराल?’

आता आली का पंचाईत! मी मराठी शिकवते, गणित शिकवते, परिसर अभ्यास शिकवते. पण रेडिओ? तो काही मला येत नव्हता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या गच्चीवर एक लांबच लांब तार बांधलेली आहे. मी आपली समजत होते की ती कपडे वाळत घालायला असेल. एकदा सहज विचारलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. ‘बाई, ती अँटेना आहे. मी हॅम आहे!’ म्हणाले होते.

रविवारी मी, ती मुलगी आणि तिचे वडील असे तिघं रेडिओ घेऊन काकांकडे गेलो.

हॅम म्हणजे कोण?

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या घरातल्या केंद्रावरून जगभरातल्या दुसऱ्या हौशी लोकांशी बोलायचं, असा हा छंद. प्रत्येक हॅमला एक कॉल साइन मिळते, म्हणजे हवेतलं नाव. आपल्याकडच्या हॅमच्या नावाची सुरुवात बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी होते. कुणी तोंडानं बोलतात, कुणी मोर्सच्या कट्ट-कडकट्ट अशा खुणांनी, कुणी आता संगणकानं. या छंदातून पैसे मात्र कमवायचे नाहीत, हा जगभरचा नियम.

‘पण काका, मोबाइल असताना रेडिओवर कशाला बोलायचं?’ मुलीनं विचारलं.

काका म्हणाले, ‘मोबाइलला टॉवर लागतो. माझ्या रेडिओला माझी तार आणि एक बॅटरी पुरते.’

याची किंमत केव्हा कळते सांगू? संकटात. १९९३ साली लातूर-किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाले मदतीला होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ’ या संस्थेची तुकडी योगायोगानं अंदमानात होती. भारती प्रसाद तिच्या प्रमुख. बेटांवरचे फोन बंद पडले. तेव्हा भारतीताईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पोर्ट ब्लेअरमधून रेडिओवरून मुख्य भूमीशी संपर्क ठेवला आणि कितीतरी लोकांची खुशाली त्यांच्या घरच्यांना कळवली. केवढं मोठं काम! आणि ते करायला यंत्र तर हवंच, पण यंत्र आतून ओळखणारा माणूसही हवा.

झाकणाखालची चिठ्ठी

काकांच्या खोलीत कपाटावर एक काळसर, डबड्यासारखी वस्तू होती. मुलीचं लक्ष तिकडेच. काकांनी ती खाली काढली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानांमध्ये बसवत असत तो छोटा रिसिव्हर! काकांनी अलगद झाकण उघडलं. आत तारांची दाटी, आणि झाकणाला आतून चिकटवलेली एक पिवळी पडलेली चिठ्ठी. इंग्रजीत, पेन्सिलीनं लिहिलेली.

‘ही चिठ्ठी वाचता येते का बघा,’ काका म्हणाले. मग त्यांनीच अर्थ सांगितला. हा रेडिओ विमानात २८ व्होल्टवर चालायचा, तेव्हा घरातल्या विजेला थेट जोडू नकोस. आधी त्याच्यासाठी वेगळा वीजपुरवठा बनव. डावीकडचा व्हॉल्व्ह मी बदलला आहे. आणि शेवटी एक आकडा, ७३.

‘७३ म्हणजे?’

‘म्हणजे शुभेच्छा! तारायंत्राच्या काळापासून चालत आलेली खूण आहे. आम्ही हॅम लोक निरोप घेताना ७३ म्हणतो.’

हा रेडिओ काकांनी १९९३ साली घेतला, ओहायोच्या त्या बाजारात. कंपनीनं त्यांना प्रशिक्षणासाठी त्या राज्यात पाठवलं होतं. तिथल्या ओळखीच्या एका हॅमनं त्यांना गाडीत घातलं आणि म्हणाला, चल, तुला आमची पंढरी दाखवतो. (पंढरी हा शब्द अर्थात काकांचा!)

डिकीतला बाजार

त्या जत्रेचं नाव ‘हॅमव्हेन्शन’. डेटन शहरातल्या हौशी रेडिओवाल्यांची संस्था ती भरवते. १९५२ मध्ये पहिल्यांदा ती एका हॉटेलात भरली आणि सुमारे ६०० माणसं आली. पुढे जागा पुरेना. १९६४ पासून ती ‘हारा अरेना’ नावाच्या एका मोठ्या क्रीडागृहात भरू लागली. आत मोठमोठ्या कंपन्यांची नवी कोरी यंत्रं, आणि बाहेर मोटारी उभ्या करायच्या मैदानात डिकीतला बाजार. खरी गर्दी बाहेर!

एवढा माल यायचा कुठून? याचं मूळ युद्धात आहे. १९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपलं. विमानांसाठी, रणगाड्यांसाठी, जहाजांसाठी बनवलेले हजारो रेडिओ एकदम बिनकामाचे झाले. सैन्यानं ते मोडीत काढले. हौशी लोकांची चंगळ झाली! जो रेडिओ नवा घ्यायला महिनोन्‌महिन्यांचा पगार लागला असता, तो थोडक्यात मिळू लागला. मग तो घरी न्यायचा, उघडायचा, त्यातल्या तारा बदलायच्या आणि आपल्या कामाजोगा करायचा. आपल्या देशातल्या जुन्या हॅमनीसुद्धा युद्धातल्या उरल्यासुरल्या सामानातूनच केंद्रं उभी केली. परदेशी यंत्र मागवणं परवडणारं नव्हतं ना!

शिवाय होती ‘हीथकिट’ची खोकी. या अमेरिकन कंपनीनं १९४७ पासून सुटे भाग आणि जोडणीचं पुस्तक अशी खोकी विकायला काढली. यंत्र तयार मिळायचं नाही, ते स्वतः जोडायचं. कथलाचा डाग देत देत एका पिढीचे हात तयार झाले. अर्धवट सोडलेली अशी खोकीसुद्धा बाजारात यायची. कुणाच्या तरी अर्ध्या स्वप्नासारखी!

काही रेडिओ तर इतके जड, की हॅम लोक त्यांना गमतीनं ‘जहाजाचा नांगर’ म्हणतात. अमेरिकी सैन्याचा ‘आर-३९० ए’ हा प्रसिद्ध रिसिव्हर घ्या. वजन साधारण ३८ किलो! म्हणजे चौथीतला दणकट मुलगाच की. तो डिकीतून उतरवायला दोघं लागत.

आणि बाजाराची वेळसुद्धा ठरलेली. जत्रा तीन दिवसांची. पहाटे अंधारात बॅटरीच्या उजेडात फिरतात ते पक्के जाणकार, कारण चांगला माल सकाळीच उठतो. रविवारी दुपारी मात्र भाव कोसळतात. एवढं ओझं परत कोण नेणार? मग एखाद्या खोक्यावर ‘फुकट’ अशी पाटी लागते आणि पोरं त्यावर तुटून पडतात.

काकांनी तो विमानातला रिसिव्हर एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाहिला. किंमत २५ डॉलर. काकांनी पैसे पुढे केले, तर आजोबांनी ते घेतलेच नाहीत. आधी विचारलं, ‘घरी नेऊन याला काय जोडणार?’ काका म्हणाले, ‘वीज.’ झालं! आजोबांनी त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं, झाकण उघडलं आणि पाऊण तास शिकवलं. तेवढ्या वेळात आणखी तीन गिऱ्हाइकं येऊन गेली; त्यांच्याकडे आजोबांनी पाहिलंही नाही. मग ती चिठ्ठी लिहून झाकणाला चिकटवली, आणि शेवटी २५ ऐवजी २० च डॉलर घेतले.

अशा शिकवणाऱ्या माणसाला अमेरिकेतले हॅम ‘एल्मर’ म्हणतात. १९७१ मध्ये तिथल्या एका रेडिओ-मासिकात एल्मर नावाच्या एका जुन्या हॅमबद्दल लिहून आलं. नवशिक्यांना हात धरून शिकवणारा तो माणूस. तेव्हापासून अशा प्रत्येक गुरूचं नावच एल्मर पडलं. पाहा हं, एका माणसाचं विशेषनाम सगळ्या चांगल्या शिक्षकांचं सामान्यनाम झालं! व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण मी आता नेहमी देते.

मग काय बदललं?

काका गेले त्या १९९३ साली हॅमव्हेन्शनला ३३,६६९ माणसं आली होती. तोवरचा तो उच्चांक. पण त्यानंतर एकामागून एक गोष्टी बदलत गेल्या.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्रंच बदलली. व्हॉल्व्हचा रेडिओ उघडला की प्रत्येक भाग बोटानं दाखवता येतो. आताचे भाग तांदळाच्या कणीएवढे, यंत्रानं बसवलेले. शेकडो भागांचं काम एकच चिप करते. ती बिघडली तर डाग देऊन भागत नाही. हीथकिटनंसुद्धा १९९२ मध्ये जोडणीची खोकी बनवणं थांबवलं. २०१२ च्या सुमारास तर आणखी गंमत झाली. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या एका अंगठ्याएवढ्या, स्वस्त वस्तूचा उत्तम रेडिओ होतो, हे हौशी लोकांनी शोधून काढलं. निम्मा रेडिओ आता संगणकाच्या आज्ञावलीत असतो. तो डिकीत कसा मांडणार?

दुसरी गोष्ट, बाजारच पडद्यावर गेला. १९९५ मध्ये ‘ईबे’ सुरू झालं. घरात बसून फोटो टाकायचा, आणि जगभरातली माणसं बोली लावणार. मग पहाटे उठून, ३८ किलोंचं धूड गाडीत घालून, उन्हापावसात मैदानात कोण बसेल? चांगला, दुर्मिळ माल तिकडे वळला. मैदानात आलेलं गिऱ्हाईकही आता खिशातून फोन काढून पडद्यावरचा भाव पाहतं. घासाघीस संपते आणि तिच्याबरोबरच्या गप्पाही संपतात.

तिसरी गोष्ट जरा हळवी आहे. विकणारी माणसं म्हातारी झाली. हॅम वारला की त्याचे मित्र त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, म्हणजे मुकी झालेली कळ. मोर्सचे संदेश ज्या कळीनं पाठवतात, ती कळ. मग त्याचं सामान बाजारात येतं. टेबलामागे त्याची बायको किंवा मुलगी उभी असते. वस्तू सगळ्या असतात, पण ‘हे कसं चालतं?’ विचारलं तर त्या बिचाऱ्या म्हणतात, ‘त्यांनाच ठाऊक होतं.’

परीक्षाही बदलली. पूर्वी मोर्स आल्याशिवाय परवाना मिळत नसे. अमेरिकेत ही अट हळूहळू सैल होत २००७ मध्ये पूर्ण उठली. नव्या तऱ्हेची माणसं छंदात आली. संगणकवाले, डोंगर चढणारे, आपत्तीत मदत करणारे. त्यांना जहाजाचा नांगर नको होता. त्यांना हवा होता पाठपिशवीत मावणारा रेडिओ.

बाजाराची जागाही बदलली. २०१६ मध्ये हारा अरेना कायमचं बंद पडलं. २०१७ पासून ही जत्रा जवळच्या झीनिया गावी, जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर भरते. जुन्या वस्तूंचा बाजार तिथे घोडे पळवायच्या गोल वाटेच्या आतल्या गवतावर असतो. पहिल्याच वर्षी पाऊस झाला आणि सगळा चिखल! पुढे २०२० आणि २०२१ साली करोनामुळे जत्रा भरलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बाजार उठलाच की!

आकड्यांचं कोडं

तर ऐका. २०२३ मध्ये या जत्रेला ३३,८६१ माणसं आली. १९९३ चा उच्चांक तीस वर्षांनी मोडला. २०२४ मध्ये तर ३५,८७७!

आहे की नाही कोडं? सामान घरबसल्या मिळतं, भाव फोनवर कळतो. मग एवढी माणसं तिथे जातात कशाला?

काका स्वतः २०२४ मध्ये पुन्हा गेले होते. त्यांची मुलगी आता तिकडेच राहते. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘आधी मलाही वाईट वाटलं हो बाई. मी शोधत होतो तो माल फारसा नव्हताच. टेबलांवर बॅटऱ्या, घडीच्या अँटेना, हातावर मावणारे संगणक, छापून काढलेले प्लॅस्टिकचे डबे. एक मुलगा लॅपटॉपवर रेडिओच्या लहरी पाहत होता. ऐकत नव्हता, पाहत होता! पडद्यावर रंगांचा धबधबा वरून खाली वाहत होता. त्या दृश्याला ते धबधबाच म्हणतात. त्यात एक बारीकशी पिवळी रेघ दिसली. तो म्हणाला, हे कुणीतरी मोर्स पाठवतंय. मी ऐकून अक्षरं सांगितली. तो थक्क झाला. मग त्यानं मला धबधबा वाचायला शिकवलं आणि मी त्याला मोर्सची चार अक्षरं. तासभर बसलो होतो आम्ही.’

‘विकत काय घेतलंत?’ मी विचारलं.

‘काहीच नाही!’ काका हसत म्हणाले.

माझ्या मते कोड्याचं उत्तर इथेच आहे. पूर्वी माणसं वस्तूसाठी जात आणि शिकवण फुकटात मिळे. आता वस्तू घरी येते, म्हणून माणसं शिकवणीसाठी जातात. व्याख्यानं ऐकायला, एकमेकांची जोडणी पाहायला, हवेत फक्त आवाज ओळखीचा असलेल्या मित्राचं तोंड पाहायला. दुकान मागे पडलं आणि शाळा पुढे आली. खरं तर तिथे शाळा पहिल्यापासूनच होती, ती घासाघिशीच्या गोंगाटात दिसत नव्हती, इतकंच.

पडद्यावरचा बाजार वाईट का?

मी शिक्षिका. मला वाटलं, आता काका पडद्यावरच्या बाजाराला नावं ठेवणार. पण छे!

‘बाई, एका व्हॉल्व्हसाठी मी रात्रभर एसटीनं मुंबईला गेलोय. लॅमिंग्टन रोडवर दुकान-दुकान पालथं घातलंय, आणि रिकाम्या हातानं परतलोय. आज तीच वस्तू पोस्टमन दारात आणून देतो. जुन्या यंत्रांची पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. ओहायोला आपल्यातले कितीजण जाऊ शकणार होते?’

अगदी खरं. आणि हैदराबादचंच एक उदाहरण पाहा. तिथले हॅम अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचा एक साधा, स्वस्त रेडिओ तयार केला. सहज मिळणाऱ्या भागांतून बनेल असा. तारेची वेटोळी गुंडाळायला विशेष कडी मिळेनात, तेव्हा एका आवृत्तीत त्यांनी चक्क नळाचे वॉशर वापरले! आणि हे सगळं गुपित न ठेवता त्यांनी आराखडा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. देशोदेशीच्या हौशी लोकांनी तो पाहून रेडिओ बनवले, चुका कळवल्या, सुधारणा सुचवल्या. म्हणजे पडद्यावरून नुसती वस्तूच जाते असं नाही. मनात आणलं तर चिठ्ठीही पाठवता येते.

आपल्या देशातही ‘हॅमफेस्ट इंडिया’ या नावानं हौशी रेडिओवाल्यांचा मेळावा वेगवेगळ्या शहरांत भरतो. शाळकरी मुलांनाही तिथे बघण्यासारखं खूप असतं.

मात्र एक गोष्ट काकांनी दाखवली ती विसरण्यासारखी नाही. त्यांनी हल्लीच घरबसल्या मागवलेला एक मीटर कपाटातून काढला. वेष्टन सुरेख, वस्तू चोख. काकांनी मागचं झाकण उघडलं. आतली बाजू कोरी होती.

‘वस्तू चांगली आहे,’ ते म्हणाले. ‘पण ज्याची होती त्याला काय माहीत होतं, ते मला कधीच कळणार नाही.’

घूंऽऽ का व्हायचं?

आता तुम्हाला विचारायचंच असेल, आमच्या रेडिओचं काय झालं?

काकांनी तो उघडला. त्याआधी प्लग काढून बाजूला ठेवला आणि मुलीला बजावलं, ‘व्हॉल्व्हच्या रेडिओत प्लग काढल्यावरही वीज साठून राहिलेली असते. जाणकार माणूस शेजारी नसताना याचं मागचं पुठ्ठं कधीही उघडायचं नाही.’ मुलांनो, तुम्हीही हे लक्षात ठेवा बरं का! आणि पालकांनो, तुम्हीसुद्धा.

मग त्यांनी एक गोल नळकांडं दाखवलं. ‘घरातली वीज सारखी दिशा बदलत असते. आत तिला एका दिशेनं वळवलं तरी तिच्यात चढउतार राहतात. आई चहा गाळते तसे हा कंडेन्सर ते चढउतार गाळून काढतो. हा आता सुकलाय. गाळणंच फाटलं, म्हणून घूंऽऽ ऐकू येतं.’

नवा कंडेन्सर काकांनी घरबसल्याच मागवला! तो पुढच्या आठवड्यात आला. डाग काकांनी दिले. पण स्टेशन दाखवणाऱ्या काट्याची दोरी तुटलेली होती, ती चाकांवरून ओवायचं काम मुलीनं केलं. तीन वेळा सुटली. चौथ्या वेळी बसली. काकांनी रेडिओ लावला. आधी काहीच नाही. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो ना! मग आत नारिंगी उजेड दिसू लागला, थोडी खरखर झाली, आणि त्या खरखरीतून आकाशवाणीचा आवाज हळूहळू वर आला.

तिचे वडील इतका वेळ गप्प उभे होते. ते म्हणाले, ‘अण्णा रोज सकाळी याच आवाजात लावायचे.’ आणि त्यांनी तोंड फिरवलं.

रेडिओ भंगारात गेला नाही, हे सांगायला नकोच.

निघताना काकांनी मुलीपुढे एक कोरा कागद ठेवला. ‘लिही,’ म्हणाले. तिनं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत लिहिलं: ‘हा माझ्या आजोबांचा रेडिओ. घूं आवाज आला तर मोठा कंडेन्सर बघा. काट्याची दोरी डाव्या चाकावरून दोन वेळा घ्या. एकट्यानं उघडू नका.’ खाली स्वतःचं नाव, तारीख आणि ७३.

ती चिठ्ठी आता पाठीमागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली आहे.

तेव्हा दोस्तांनो, एक काम सांगते. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेलच. शिवणयंत्र, पाणी काढायचा पंप, गजराचं घड्याळ, सायकल. ती कशी चालते, कुठे अडते, हे घरात कुणाला तरी नक्की ठाऊक असतं. या सुट्टीत त्या व्यक्तीजवळ बसा, नीट विचारा आणि एक चिठ्ठी लिहून त्या वस्तूला जोडा. उद्या ती वस्तू कुणाकडेही जावो, बाजारातून जावो की पडद्यावरून, तिच्याबरोबर तुमची चिठ्ठी जाईल.

आणि शेवटी ७३ लिहायला विसरू नका हं!